पहिल्या ओळीतला दोन

संगणक सुरू होतो म्हणजे नक्की काय होतं, असं मला आजवर दोनच माणसांनी मनापासून विचारलं. एक माझी मुलाखत घेणारे साहेब, आणि त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. दुसरे कळसचे म्हाकूतात्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, कारण त्या मशीनच्या भरवशावर त्यांची चोवीस हजार अंडी होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. पुण्याच्या एका संगणक कंपनीची बारामतीत शाखा होती. शाखा म्हणजे एका कापड दुकानाच्या माडीवरची एक खोली, एक टेलिफोन आणि मी. मी इंदापूरची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, वय सव्वीस. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कंपनीची युनिक्स प्रणालीवर चालणारी जेवढी मशीन्स होती, ती सगळी माझ्या गळ्यात. खांद्याला एक बॅग, तीत स्क्रू ड्रायव्हर, मीटर आणि टॉवेलात गुंडाळलेला फ्लॉपींचा डबा. एसटीत मी तो डबा मांडीवर घेऊन बसायची. शेजारची बाई हमखास विचारायची, डब्यात काय आहे. औषध आहे, असं मी सांगायची. ते खोटंही नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एका कचेरीत मशीन गरम होऊन बंद पडतंय म्हणून तक्रार आली. जाऊन बघते तर हेडक्लार्कच्या पत्नीने त्याच्यासाठी भरतकाम केलेलं जाड आच्छादन करून दिलेलं, आणि ते मशीन चालू असतानाही घातलेलं. लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर संध्याकाळी ट्यूबलाइटबरोबर संगणकही मेन स्विचनेच बंद करायचे. सकाळी मशीन उठायला कुरकुर करायचं आणि मला बोलावणं यायचं. मी त्यांना तीनदा समजावलं. चौथ्या वेळी त्यांनी मलाच समजावलं, की बंद म्हणजे बंद, त्यात रीत कसली.

पण रीत असते. तीच तर माझी सगळी विद्या होती.

युनिक्स मशीनचं बटण दाबलं की काही सेकंद ते स्वतःचे हातपाय चाचपतं, आणि मग एक प्रोग्रॅम सुरू होतो. त्याचं नाव इनिट. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मशीन एक नंबर देतं, त्याला प्रोसेस नंबर म्हणतात. इनिटचा नंबर कायम एक. त्यानंतर मशीनमध्ये जे काही जिवंत होतं, ते त्याने तरी सुरू केलेलं असतं, नाही तर त्याने सुरू केलेल्या कुणीतरी. काय काय सुरू करायचं याची यादी एका साध्या फाइलमध्ये लिहिलेली असते. त्या फाइलची सुरुवातीची ओळ सांगते की मशीनने कुठल्या पातळीवर जायचं. शून्य म्हणजे सगळं बंद. एक म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्याने काम. दोन म्हणजे सगळे कामाला लागा. आणि सहा म्हणजे सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाकीच्या ओळींत प्रोग्रॅमची नावं. ज्या ओळीवर ‘रिस्पॉन’ असं लिहिलेलं असतं, तो प्रोग्रॅम मेला की इनिट लगेच त्याच्या जागी नवा उभा करतो.

मशीन बंद करायचं कामही त्याच्याकडेच. तो आधी सगळ्यांना निरोप धाडतो, की आवरा. थोडा वेळ थांबतो. आमच्या मशीनवर वीस सेकंद. तेवढ्यात जे आवरत नाहीत त्यांना तो दुसरा निरोप धाडतो, आणि त्या निरोपापुढे कुणाचं काही चालत नाही. मग डिस्क मिटते आणि पडद्यावर अक्षरं येतात, की आता वीज बंद केलीत तरी चालेल.

एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

एके दिवशी हणमंतराव नावाचे गृहस्थ आमच्या माडीवर आले. कळसच्या शिवारात त्यांनी कोंबडीची अंडी उबवायची हॅचरी टाकली होती. बाहेरची तयार यंत्रं आणण्याऐवजी त्यांनी बारामतीत सुतार आणि फॅब्रिकेटर गाठून माणसाहून उंच अशी सहा लाकडी कपाटं करून घेतली होती. आत पंखा, हीटर आणि अंड्यांचे ट्रे. हॅचरीत सगळे त्यांना खोकीच म्हणायचे. एका खोक्यात चार हजार अंडी. त्यांना एकवीस दिवस शंभर डिग्री फॅरनहाइटच्या आसपास ठेवायचं. दोन-तीन डिग्री खाली गेलं तर पिल्लू उशिरा येतं, पण तेवढंच वर गेलं तर ते अंड्यातच जातं. आणि हे सगळं दोन माणसं दर अर्ध्या तासाला काचेचे थर्मामीटर बघून, हाताने हीटर चालू-बंद करून सांभाळत होती.

हणमंतरावांना हे काम संगणकाला द्यायचं होतं. ते कुठल्याशा प्रदर्शनात जाऊन आले होते आणि नुसते पेटले होते. एका वहीत त्यांनी सगळी चित्रं काढून आणली होती, तारा कुठून जातील इथपर्यंत. मी पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, आपली कंपनी पत्रं छापणारी आणि रजिस्टरं ठेवणारी मशीन्स विकते, कोंबड्या नाही. मी म्हटलं, प्रोग्रॅम मी लिहीन. साहेब म्हणाले, मग निस्तरायचंही तुम्हीच.

असा आनंद मला नोकरीत पुन्हा फारसा मिळाला नाही. तीन आठवडे मी जेवताना, एसटीत, स्वप्नातही तो प्रोग्रॅम लिहीत होते. त्याचं नाव मी ठेवलं राखण. एका खोक्याला एक राखण. ती तापमान वाचणार आणि रिले नावाच्या छोट्या विजेच्या खटक्यातून हीटर चालू-बंद करणार. इनिटच्या फाइलमध्ये मी सहा ओळी घातल्या, सहाही रिस्पॉन. प्रत्येक खोक्यावर जुना हातस्विचही ठेवला, वेळेला उपयोगी पडावा म्हणून.

ज्या दिवशी पहिल्यांदा मशीन सुरू केलं, त्या दिवशी हॅचरीतली सगळी माणसं काम टाकून दारात उभी होती. पडद्यावर ओळी वर सरकत होत्या. मग एकेक राखण जिवंत झाली आणि पलीकडच्या खोलीतून आवाज आला, टक. पुन्हा टक. सहा खोक्यांचे सहा रिले. हणमंतरावांनी मला दिलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

म्हाकूतात्या मागे उभे होते. हॅचरीचे फोरमन. वय पन्नाशीच्या पुढचं, डोक्याला पांढरा फेटा. घरात पूर्वी मेंढरं होती, लहानपणी वडिलांबरोबर कळपामागे हिंडलेले. आता थोडी शेती आणि ही नोकरी. सगळे पांगल्यावर ते जवळ आले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, की हे सुरू होतं म्हणजे काय होतं. मी तासभर सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, यातलं एखादं मेलं तर? मी त्यांच्यासमोर चार नंबरची राखण मारून दाखवली. यादीत ती दिसेनाशी झाली आणि लगेच नव्या नंबराने परत आली. तात्या हसले. त्यांनी मला आणखी दोनदा मारायला लावलं. मग यादीतल्या एका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, की हा आकडा कसला. तो प्रत्येकाच्या आईचा नंबर, मी म्हटलं. आणि जिची आईच मरून गेली असेल, तिला इनिट आपल्याकडे घेतो, तिच्यापुढे एक लिहिलेलं दिसतं.

“पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावत्यात तसं,” तात्या म्हणाले.

ही गोष्ट मला पुस्तकातून समजायला एक सत्र लागलं होतं.

मी त्यांना मशीन चालू आणि बंद करायची रीत एका कागदावर लिहून दिली. नऊ कलमं, मोठ्या अक्षरांत. दर गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची आणि मग हॅचरी जनरेटरवर चालायची. जनरेटरची वीज इतकी उड्या मारायची की संगणक त्यावर ठेवायची मला भीती वाटे. म्हणून ठरलं की गुरुवारी सकाळी तात्यांनी मशीन रीतसर बंद करायचं, आणि वीज येईपर्यंत हातस्विचने हीटर चालवायचे, तासाला काही मिनिटं. त्या कागदावर सातवं कलम होतं, की मशीन बंद झालं म्हणजे सर्व हीटर आपोआप बंद होतात.

पहिले दोन गुरुवार बिनबोभाट गेले. तिसऱ्या गुरुवारी दुपारी हणमंतरावांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

मी पोचले तेव्हा चार नंबरच्या खोक्याचं दार सताड उघडं होतं आणि खोलीभर एक जड वास पसरला होता. अकराव्या दिवसाची चार हजार अंडी. तात्यांनी त्यातली काही फोडून बघितली होती. एकातही जीव राहिला नव्हता. त्या खोक्याचा हीटर सकाळपासून सलग चालू होता. दारांवरचे काचेचे थर्मामीटर आमच्या तारांसाठी काढून टाकलेले, पडदा बंद. दार चटका देतंय हे तात्यांच्या हाताला लागलं तेव्हा उशीर झाला होता.

हणमंतराव माझ्यादेखत तात्यांना म्हणाले की तुम्ही मधेच बटण बंद केलं असणार, थांबला नसणार. तात्या एवढंच म्हणाले की कागदावर लिहिलंय तसंच केलं. हणमंतरावांनी त्यांना त्या दिवसापासून मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलं आणि अंडी धुवायच्या खोलीत पाठवलं. तिथे नवीन लागलेली माणसं काम करत.

आणि मी गप्प बसले.

कारण तिथे उभी असतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. बारामतीला येऊन प्रोग्रॅम उघडला आणि खात्रीच झाली. इनिटचा ‘आवरा’ हा निरोप आला की राखणेने काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. काही लिहिलेलं नसलं की प्रोग्रॅम तो निरोप मिळताच जागच्या जागी मरतो. वीस सेकंदांची सवलत तिच्या कामाचीच नव्हती. ती मरायची, आणि तिचा रिले ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, संगणक बंद झाला तरी दुसरा हुकूम येईपर्यंत राहायचा. हीटर बंद असताना मेली तर हीटर बंद. चालू असताना मेली तर चालू. पहिले दोन गुरुवार केवळ नशिबाने निभावले होते. तात्यांनी काहीच चुकवलं नव्हतं. सातवं कलम खोटं होतं, आणि ते माझ्या अक्षरातलं होतं.

मी चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःला सांगत राहिले, की आधी दुरुस्त करते, मग बोलते. खरं कारण वेगळं होतं. कंपनीत बाहेरगावी दुरुस्तीला जाणारी मी एकटीच बाई होते, आणि माझी चूक कधी होते याची वाट बघणारे बरेच होते. माझी आई आमच्या इंदापूरच्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायची. त्या रविवारी मी घरी गेले, ती मुलांना खरं बोलण्याबद्दल काही सांगत होती, आणि मी मागच्या मागे स्वयंपाकघरात निघून गेले.

सोमवारी मी कळसला गेले. हणमंतरावांना सगळं सांगितलं, प्रोग्रॅमची ओळ दाखवली, सातवं कलमही दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं, हे आता दुरुस्त होईल का. झालंय, मी म्हटलं. निरोप आला की राखण आधी हीटर बंद करेल, मग मरेल. त्याशिवाय प्रत्येक खोक्याला तापमान चढलं की आपोआप वीज तोडणारा एक साधा खटका बसवायचा, ज्याचा संगणकाशी काही संबंध नाही. हणमंतराव उठले आणि तात्यांना बोलवायला स्वतः धुवायच्या खोलीकडे गेले.

तात्या ओले हात पुसत आले. मी त्यांची माफी मागितली. ते रागावले नाहीत, आणि जाऊ द्या असंही म्हणाले नाहीत.

“मी चुकलो न्हाय ह्ये मला ठावं हुतं, ताई,” ते म्हणाले. “पर चार दिस कुणीच काय बोललं न्हाय. मग माझं मलाच वाटाया लागलं, हात फिरला आसंल माझा.”

नोकरीत पुढे माझ्या पुष्कळ चुका झाल्या. पण त्या दुसऱ्या कुणी केल्या असतील असा संशय मी परत कधी पाच मिनिटंही टिकू दिला नाही.

त्यांनी एकच मागणी केली. काढून ठेवलेले थर्मामीटर परत हवेत. शोधल्यावर धडके दोनच सापडले.

मशीन पुन्हा तात्यांच्या ताब्यात आलं. आता मशीन बंद करताना ते सगळ्या खोक्यांवरून हात फिरवून यायचे. हणमंतरावांचा उत्साहही परत आला, आणि तोच आम्हाला पुढे भोवला. त्यांनी बारामतीत संगणकाचा वर्ग लावला. फाइल उघडून बदलायला शिकले. पासवर्डाचा कागद त्यांच्याच टेबलाच्या खणात होता.

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. गुरुवार होता. वीज दुपारी बाराच्या आत परत आली होती. साडेबाराला आमच्या माडीवरचा फोन वाजला. हणमंतराव म्हणत होते की मशीन येतंय आणि जातंय. मी विचारलं, म्हणजे काय. त्यांनी पडदा वाचून दाखवायला सुरुवात केली. ओळी सुरू झाल्या, आता डिस्क तपासतंय, आता इनिट आलं. आणि मग, मॅडम, तेच म्हणतंय की सगळं बंद करतोय. परत काळा पडदा, आणि परत पहिल्यापासून. सहाव्यांदा की सातव्यांदा झालं, मोजलं नाही. मध्ये दोनदा वैतागून त्यांनी वीजच बंद केली होती.

अंडी कितव्या दिवसाची आहेत, मी विचारलं. चार आणि पाच नंबर एकोणिसाव्या, ते म्हणाले. एक नंबर तिसऱ्या दिवसाची. म्हणजे दोन टोकं. तिसऱ्या दिवसाच्या अंड्यांना बाहेरून ऊब द्यावीच लागते. एकोणिसाव्या दिवसाची अंडी आतल्या पिल्लांमुळे स्वतःच तापतात, त्यांना कोंडून ठेवलं तर ती आपल्याच उष्णतेने मरतात. तात्या कुठे आहेत, असं विचारलं. खोक्यांपाशी, म्हणाले. फोनवर यायला तयार नाहीत.

एसटी दोन वाजता होती. कापड दुकानाच्या मालकांचा भाचा मोटारसायकलवर भिगवणकडे निघाला होता, त्याला कळसकडे वळवून मी मागे बॅग पोटाशी धरून बसले. वाटेत मी फक्त विचार करत होते. मशीन सुरू होतं आणि आपणहून बंद होतं, परत सुरू होतं. डिस्क वाचता येतेय, इनिट जिवंत होतोय, यादी वाचतोय. म्हणजे यादीत काहीतरी असं आहे की तो जे करतोय ते इमानाने करतोय. आणि एकदम ट्यूब पेटली. कुणीतरी त्याला सहाव्या पातळीवर जायला सांगितलंय. मी मागच्या सीटवर इतकी उसळले की गाडी डगमगली आणि त्याने विचारलं, काही विसरलं का.

मी खोक्यांच्या खोलीत शिरले तेव्हा सगळी दारं वेगवेगळी उघडी होती. एकाचं चार बोटं, एकाचं वीतभर, चार-पाचची पूर्ण, आणि त्यांच्यासमोर ओली पोती टांगलेली. तात्या एक नंबरच्या ट्रेमधून एक अंडं उचलून डोळा मिटत होते आणि ते पापणीवर टेकवत होते. मग म्हणाले, हीटर लावा. हातस्विच खटकला. पुढच्या खोक्याकडे गेले, अंडं, पापणी, म्हणाले, ऱ्हाऊ द्या. दोन थर्मामीटर सहा खोक्यांना पुरणारे नव्हते, म्हणून त्यांनी ते पहिल्या आणि पाचव्यात ठेवून बाकीचं पापणीवर चालवलं होतं. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, ती खोटं सांगत नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. विचारलं, किती टाइम. मी म्हटलं, अर्धा तास. ते म्हणाले, “हितं मी सांबाळतो. तुमी तुमचं बगा.”

इतकी ताकद मला कुणाच्या शब्दाने क्वचितच मिळाली असेल.

असं मशीन डिस्कवरून सुरू करून उपयोग नसतो, ते परत त्याच चक्रात जाणार. त्यासाठी आणीबाणीच्या फ्लॉपी असतात, मशीन त्यांच्यावरून उठवायचं आणि डिस्कला बाहेरून हात घालायचा. मी पहिली फ्लॉपी घातली. ती वाचली. दुसरी मागितली, ती घातली, आणि मशीनने दात वाजवल्यासारखा आवाज करून सांगितलं की वाचता येत नाही. मोटारसायकलवर उन्हात तापली असणार. मी ती काढली, साडीच्या पदराने वारा घातला, हणमंतरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून वारा घातला. परत घातली. परत तोच आवाज. तिसऱ्यांदा घातली आणि दिवा लागून तसाच राहिला, फ्लॉपी फिरत राहिली. आम्ही दोघं त्या हिरव्या दिव्याकडे बघत होतो.

मशीन उठलं. आधी डिस्क तपासून घेतली, कारण हणमंतरावांनी दोनदा वीज तोडली होती. मशीन एकेक प्रश्न विचारत होतं, हे दुरुस्त करू का, ते दुरुस्त करू का, आणि मी होकार देत होते. मग फाइल उघडली. सुरुवातीच्या ओळीत दोनऐवजी सहा होतं.

मी काही विचारायच्या आत हणमंतराव बोलले. खोलीत कामाची चार-पाच माणसं होती, त्यांच्यासमोरच.

“ते मी केलंय. पंधरा दिवस झाले. वर दोन लिहिलेलं बघितलं. म्हटलं, खोकी तर सहा आहेत, याला दोनच माहीत आहेत की काय.”

त्यांना वाटलं होतं की त्यांनी माझी चूक सुधारली. आणि पंधरा दिवस काहीच झालं नाही, कारण ती ओळ मशीन फक्त सुरू होताना वाचतं. मधल्या दोन्ही गुरुवारी नेमकी वीज गेलीच नव्हती, म्हणून मशीनही बंद केलं नव्हतं. सहाचा आकडा तिथे निवांत बसून राहिला होता.

मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे लाज वाटत होती. जे कबूल करायला मला चार दिवस लागले, ते या माणसाने एका दमात करून टाकलं होतं.

मी सहा पुसून दोन लिहिला. फाइल बंद केली, फ्लॉपी काढली, मशीन डिस्कवरून सुरू केलं. ओळी सरकू लागल्या. इनिट आला. आतापर्यंत याच ठिकाणी ते माघारी फिरत होतं. ते फिरलं नाही. पहिली राखण, दुसरी, तिसरी. पलीकडून आवाज आला, टक. मी खोलीत धावले. तात्या चार नंबरसमोर उभे होते, एक हात हातस्विचवर. मी म्हटलं, सोडा तात्या, आता ते बघेल. त्यांनी लगेच हात काढला नाही. अंडं पापणीला लावलं, पडद्यापाशी जाऊन चार नंबरचं तापमान बघितलं, परत आले आणि मग हात काढला.

त्या दिवशी मी बारामतीला परत गेलेच नाही. तात्यांच्या घरी राहिले. त्यांच्या बायकोने बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं आणि विचारलं, की यांनी घरात सुद्धा अंडी डोळ्याला लावायला सुरुवात केली आहे, त्याला माझ्या मशीनमध्ये काही उपाय आहे का.

शुक्रवारी सकाळी तात्यांनी मला चार नंबरमधलं एक अंडं कानाला लावायला दिलं. आत कुणीतरी बोलत होतं. पिल्लू कवच फोडायच्या आधीच आतून चिवचिवतं, हे मला माहीत नव्हतं. मी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पिल्लं बाहेर येईपर्यंत मी हॅचरी सोडून हलले नाही. त्याच दुपारी हणमंतरावांनी मशीनवर एक पत्र्याची पाटी लावली. कळसच्या पेंटरकडून रंगवून आणलेली. वर लिहिलं होतं, पहिल्या ओळीतला दोन म्हणजे खोकी नव्हेत, मालकांनीही हात लावू नये.

पिल्लं वेळेपेक्षा थोडी उशिरा आली. शनिवारी दुपारपासून कवचं तडकू लागली आणि रविवारी सकाळी तात्यांनी चार आणि पाच नंबरची दारं उघडली. ट्रेच्या ट्रे पिवळे झाले होते. काही अंडी तशीच राहिली होती, दर वेळी राहतात. बाकी सगळं हलत होतं, एकमेकांच्या अंगावर चढत होतं आणि आपल्या परीने ओरडत होतं. हणमंतराव अनवाणी पळत आले. तात्या एकेक ट्रे बाहेर ओढत होते आणि मोजणाऱ्या माणसांना हळू, हळू म्हणत होते, आणि त्यांचा स्वतःचा आवाज मात्र हळू नव्हता.

तेवढ्यात कचेरीतला फोन वाजला. पुण्याहून साहेब. रविवारी घरून. गुरुवारपासून माझा पत्ता नाही म्हणून त्यांनी कापड दुकानातून इथला नंबर मिळवला होता. तीन दिवस मी एका गिऱ्हाइकाकडे काय करतेय, असं ते विचारत होते.

फोनची वायर दारापर्यंत पोचत होती. मी रिसीव्हर घेऊन दारात आले आणि तो ट्रेच्या दिशेने धरला. मनात वीस आकडे मोजले. मग परत कानाला लावला. साहेबांनी विचारलं, हे काय आहे.

“सिस्टिम सुरू झाली, साहेब,” मी म्हटलं.